हलका डेस्कटॉप घालण्याआधी आणि घातल्यावर

प्रश्न थोडक्यात असा: दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि त्यावर उबुंटूचा नेहमीचा गनोम डेस्कटॉप. लॅपटॉप चालू व्हायला तीन मिनिटं लागतात आणि ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की माउससुद्धा अडखळतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप घातले तर फरक पडेल का? आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल न करता ते जमेल का?

दोन्हींचं उत्तर हो. फक्त फरक कुठे पडेल हे आधी मोजून घ्या. हलक्या डेस्कटॉपमुळे रॅमवरचा आणि ग्राफिक्सवरचा भार उतरतो. डिस्क संथ असेल तर ती संथच राहते आणि ब्राउझर पूर्वीइतकीच रॅम खातो. न मोजता डेस्कटॉप बदलला तर पहिले दोन दिवस बरं वाटतं, मग तेच रडगाणं सुरू होतं.

मोजायचं ते लॅपटॉप प्रत्यक्ष अडखळत असताना, नुकताच चालू केलेला असताना नाही. (इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) नेहमीचे टॅब उघडे ठेवून ‘फ्री -एच’ चालवा. त्यात ‘फ्री’ नावाच्या रकान्याकडे बघू नका. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतो, त्यामुळे तो आकडा कायमच लहान दिसतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’ रकाना. तिथे ३००-४०० एमबीच्या खाली आकडा असेल आणि स्वॅपचा (रॅम भरली की तिच्यातला मजकूर ठेवण्याची डिस्कवरची जागा) वापर वाढत असेल तर रॅम अपुरी पडते आहे.

त्यानंतर ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून वीस-तीस सेकंद आकडे बघत राहा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या रकान्यांत सतत आकडे येत असतील तर रॅममधला मजकूर डिस्कवर जातोय आणि परत येतोय, म्हणजेच रॅम कमी आहे. हे दोन्ही रकाने शून्य आहेत पण ‘डब्ल्यूए’ वर चढलेला आहे, तर प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसला आहे. इथे एक बारकावा आहे. हा आकडा सगळ्या कोअर मिळून टक्क्यांत असतो. दोन कोअरच्या मशीनवर एकच प्रोग्राम डिस्कपाशी अडकला तरी तो ५०च्या आसपास दिसतो, तेव्हा ‘अजून निम्मं मोकळं आहे’ असा अर्थ काढू नका. दोन्ही प्रकार नाहीत आणि ‘यूएस’ व ‘एसवाय’ मिळून शंभराजवळ आहेत, तर भार प्रोसेसरवर आहे.

तुमच्या वर्णनात रॅम आणि डिस्क दोन्हींची लक्षणं आहेत. पाच-सहा टॅबनंतर माउस अडखळणं हे रॅमचं लक्षण. चालू व्हायला तीन मिनिटं लागणं हे डिस्कचं. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ५.६ मिलिसेकंद जातात. डोकं सरकायला आणखी दहा-बारा. एकूण सतराएक मिलिसेकंद धरले तर इकडेतिकडे विखुरलेल्या फाइलींची सेकंदाला साठेक वाचनं होतात. बूट होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात. हा हिशेब कुठल्याही डेस्कटॉपला चुकत नाही. हलक्या डेस्कटॉपला वाचायच्या फाइली कमी असतात, एवढाच फायदा.

डिस्क फक्त संथ आहे की मरायला टेकली आहे, हेही याच वेळी बघून घ्या. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज घालून ‘स्मार्टसीटीएल -ए’ ही कमांड सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावून डिस्कवर चालवा. क्रमांक ५ म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर, क्रमांक १९७ म्हणजे धड वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. शेवटच्या ‘रॉ’ रकान्यात १९७ समोर शून्याखेरीज काहीही असेल, त्यातही तो आकडा आठवड्याभरात वाढला असेल, तर डेस्कटॉपचा विषय बाजूला ठेवा आणि आधी फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. खराब सेक्टर वाचताना डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करते आणि त्या काळात अख्खं मशीन थिजतं. लोक हे ‘लिनक्स जड झालंय’ असं समजतात.

आणखी दोन गोष्टी दोन मिनिटांत तपासून होतात. प्रोसेसरवर काम असताना ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ या फाइलीतला मेगाहर्ट्झचा आकडा बघा. भार असूनही तो ८००च्या आसपास खिळून राहिला असेल तर कारण बहुतेक वेळा हार्डवेअरमध्ये सापडतं: चार्जर ओळखला जात नाही, बॅटरी गेलेली आहे किंवा पंख्यात धूळ भरून प्रोसेसर तापतो आहे. दुसरी गोष्ट, ‘मेसा-युटिल्स’ पॅकेजमधली ‘जीएलएक्सइन्फो -बी’ ही कमांड. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर ग्राफिक्स चिप बाजूला पडली आहे आणि पडद्यावरचं सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे. अशा स्थितीत गनोम असह्य होतो. कारण पुष्कळदा साधं असतं: इन्स्टॉल करताना दिलेला ‘नोमोडसेट’ हा पर्याय ग्रबच्या (लिनक्स चालू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये तसाच राहून गेलेला असतो. ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ वाचली की कळतं. तो काढून ‘अपडेट-ग्रब’ चालवा, मशीन पुन्हा सुरू करा. डेस्कटॉप न बदलताही मोठा फरक पडेल.

आता डेस्कटॉपकडे. गनोममध्ये पॅनेल, खिडक्यांची मांडणी, सूचना, ॲनिमेशन हे सगळं गनोम शेल या एकाच मोठ्या प्रोग्राममध्ये आहे. त्याचा बराचसा भाग जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे आणि प्रत्येक खिडकी ग्राफिक्स चिपमधूनच पडद्यावर येते. शिवाय फाइलींची सूची करणारा ट्रॅकर, कॅलेंडर आणि पत्त्यांसाठीची सेवा, सॉफ्टवेअरच्या दुकानाची पार्श्वभूमीतली प्रक्रिया हे सोबत चालू असतात. एक्सएफसीईत हीच कामं सी भाषेतल्या छोट्या वेगळ्या प्रोग्राममध्ये वाटलेली आहेत: खिडक्यांसाठी एक्सएफडब्ल्यूएम, पॅनेल वेगळं, डेस्कटॉपचं चित्र वेगळं, फाइलींसाठी थुनार. खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकपणा सांभाळणारा कंपोझिटर यात पूर्ण बंद करता येतो. गनोममध्ये ती सोय नाही.

लॉगिन करून काहीही न उघडता साधारण आकडे असे येतात: उबुंटूचा गनोम १ ते १.४ जीबी, एक्सएफसीई ६०० ते ७५० एमबी, एलएक्सक्यूटी ४५० ते ६०० एमबी. नुसता आइसडब्ल्यूएमसारखा विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) घेतला तर २००-३०० एमबी. आवृत्ती आणि चालू सेवांप्रमाणे हे खालीवर होतात, पण क्रम बदलत नाही.

४ जीबीवर मी एक्सएफसीईच सुचवेन. एलएक्सक्यूटीने आणखी शंभर-दीडशे एमबी वाचतात, म्हणजे ब्राउझरचा जेमतेम एक टॅब, आणि त्या बदल्यात सेटिंगची काही सोय जाते. २ जीबी असती तर एलएक्सक्यूटी म्हटलं असतं. १ जीबी असेल तर डेस्कटॉप सोडून अँटीएक्ससारखं आइसडब्ल्यूएमवर चालणारं वितरण घ्यावं. जुन्या लेखांत एलएक्सडीईची शिफारस सापडेल. ते जीटीके २ या जुन्या खिडक्या-बटणांच्या संचावर उभं आहे आणि त्याच्या मूळ कर्त्यांचं काम केव्हाच एलएक्सक्यूटीकडे गेलं, तेव्हा नव्याने घालू नका. लुबुंटूनेही १८.१० पासून एलएक्सक्यूटीच घेतलं आहे.

घालण्याआधी घरच्या फोल्डरमधला लपलेला ‘.कॉन्फिग’ फोल्डर दुसऱ्या नावाने कॉपी करून ठेवा. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि नंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ पुढे ‘एक्सएफसीई४’ आणि ‘एक्सएफसीई४-गुडीज’ ही दोन पॅकेजं. ‘झुबुंटू-डेस्कटॉप’ नावाचं एकगठ्ठा पॅकेजही आहे, पण ते स्वतःचे प्रोग्राम, थीम आणि लॉगिनचा पडदा असा मोठा संसार घेऊन येतं. मेनूत प्रत्येक कामाला दोन-दोन प्रोग्राम दिसू लागतात आणि मागे फिरणं अवघड होतं. आधी चाचणी करायची आहे, म्हणून मी ते टाळतो. आर्चवर पॅकेजांची नावं हीच आहेत, डेबियनवर पूर्ण संच हवा असेल तर ‘टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप’.

इन्स्टॉल होताना निळ्या पडद्यावर लॉगिन मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) विचारला गेला तर सध्या ‘जीडीएम३’ राहू द्या. लाइटडीएम हलका आहे हे खरं, पण गनोमचं स्क्रीन लॉक जीडीएमवर अवलंबून असतं. दोन्ही डेस्कटॉप शेजारी ठेवून तुलना करायची तोवर ते मोडू नये. एक्सएफसीई कायम ठेवायचं ठरलं की लाइटडीएम घालून ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम’ने बदल करता येतो.

लॉग आउट करा, आपल्या नावावर क्लिक करा आणि पासवर्ड टाकण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावरून एक्सएफसीई सेशन निवडा. चाक दिसत नाही अशी तक्रार नेहमी येते. ते नाव निवडल्यावरच दिसतं. निवड लक्षात ठेवली जाते, दर वेळी करावी लागत नाही. आत गेल्यावर दोन मिनिटं काही न उघडता थांबा आणि पुन्हा ‘फ्री -एच’ घ्या. गनोममधल्या तशाच आकड्याशी ताडून बघा. तीनशे एमबीहून कमी फरक असेल तर जुन्या सेवा नव्या घरातही चालू आहेत.

त्या बंद करण्याची जागा म्हणजे सेटिंगमधलं ‘सेशन अँड स्टार्टअप’. तिथे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत न लागणाऱ्या गोष्टींची खूण काढा: प्रिंटर नसेल तर प्रिंटरची सूचना, ब्लूटूथ वापरत नसाल तर ब्लूटूथ, सॉफ्टवेअरचं दुकान, कॅलेंडरचे स्मरण-संदेश. पोलकिटचा (परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेचा) एजंट, नेटवर्कचं एनएम-ॲपलेट आणि पॉवर मॅनेजर यांना हात लावू नका. पोलकिटचा एजंट गेला की पासवर्ड विचारणारी चौकटच येत नाही, आणि पेनड्राइव्ह जोडणं किंवा पॅकेज घालणं कारण न सांगता फसतं. त्याच खिडकीतल्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर गनोमच्या सेवा सुरू करण्याची खूण असते, तीही काढा.

याच खिडकीत बाहेर पडताना सेशन जतन करण्याचा पर्याय आहे. तो बंद ठेवा. चालू असला की आधीचे सगळे प्रोग्राम प्रत्येक लॉगिनला एकदम उघडतात आणि ५४०० आरपीएमची डिस्क पाच मिनिटं घरघरत राहते. जतन केलेलं सेशन बिघडलं तर आणखी एक विचित्र प्रकार दिसतो: खिडक्यांना वरची पट्टीच नसते, त्या हलवता किंवा बंद करता येत नाहीत. याचा अर्थ विंडो मॅनेजर सुरूच झालेला नाही. टर्मिनलमधून ‘एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस’ चालवून वेळ निभावते. कायमचा उपाय म्हणजे ‘.कॅश’ फोल्डरमधलं ‘सेशन्स’ रिकामं करून पुन्हा लॉगिन करणं.

कंपोझिटर बंद करावा का? ग्राफिक्स ड्रायव्हर नीट असेल तर मी चालूच ठेवेन. बंद केल्याने थोडी रॅम वाचते, पण व्हिडिओ बघताना किंवा पान सरकवताना चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं. एलएलव्हीएमपाइपची अडचण दूर होतच नसेल तेव्हा मात्र बंद केलाच पाहिजे.

गनोम आपल्या पोटात घेऊन चालणाऱ्या काही गोष्टी एक्सएफसीईत वेगळ्या आणाव्या लागतात. टचपॅडवर टिचकीने क्लिक होत नाही, तर ‘माउस अँड टचपॅड’मध्ये खूण करा. आवाजाचं चिन्ह नसेल तर पॅनेलमध्ये पल्सऑडिओ प्लगइन जोडा. फोन किंवा नेटवर्कवरचे फोल्डर थुनारमध्ये दिसत नसतील तर ‘जीव्हीएफएस-बॅकएंड्स’ घाला. ब्लूटूथसाठी ‘ब्लूमन’, रात्रीच्या पिवळसर प्रकाशासाठी ‘रेडशिफ्ट’. स्क्रीन लॉकसाठी ‘लाइट-लॉकर’ घालू नका. ते फक्त लाइटडीएमसोबत चालतं, आणि झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहण्याच्या तक्रारींत ते वारंवार सापडतं. ‘एक्सएफसीई४-स्क्रीनसेव्हर’ दोन्हींसोबत चालतं.

मराठी टायपिंग बंद पडतं, यावर बरेच जण अडतात. गनोम आयबस (टायपिंगच्या भाषा सांभाळणारी सेवा) स्वतः सुरू करतो, एक्सएफसीई करत नाही. ‘आयएम-कॉन्फिग’मध्ये आयबस निवडा, लॉग आउट करून परत या, मग ‘आयबस-सेटअप’मध्ये मराठी जोडा. तुम्ही इन्स्क्रिप्ट वापरत असाल तर आयबसची गरजच नाही. कीबोर्ड सेटिंगमधल्या ‘लेआउट’ पानावर सिस्टीमची सेटिंग वापरण्याची खूण काढा आणि भारतीय मांडण्यांतली मराठी इन्स्क्रिप्ट घ्या. पार्श्वभूमीत काहीही न चालवता काम होतं. कमी रॅमच्या मशीनवर हाच मार्ग चांगला.

एवढं झाल्यावर चारपाचशे एमबी रॅम मोकळी मिळते. ती टिकवायची असेल तर झेडरॅम लावा. यात रॅमचाच एक भाग दाबून भरलेला स्वॅप म्हणून वापरला जातो. मजकूर साधारण दुप्पट-तिप्पट दाबला जातो, आणि तो परत काढणं संथ डिस्कवरून वाचण्याच्या मानाने फारच जलद असतं. ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज घाला, ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’ या फाइलीत अल्गोरिदम ‘झेडएसटीडी’ आणि टक्केवारी ५० करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. ‘स्वॅपॉन --शो’मध्ये झेडरॅमची प्रायॉरिटी डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा जास्त दिसली पाहिजे, नाहीतर आधी डिस्कच भरत जाईल. जुन्या लेखांत ‘स्वॅपिनेस (स्वॅप किती सढळपणे वापरायचा याचा आकडा) १० करा’ हा सल्ला सगळीकडे आहे. तो डिस्कवरच्या स्वॅपसाठी आहे. झेडरॅम असताना तो उलटा पडतो, तिथे १०० किंवा त्याहून वरचा आकडा योग्य. ५.८ कर्नलपासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. डिस्कवरचा स्वॅपही काढून टाकू नका, झोपेत गेलेल्या प्रोग्रामांसाठी तो मागे असू द्या.

राहिला ब्राउझर, आणि खरं तर खूपसा प्रश्न तिथेच आहे. एखादा जड टॅब ३०० एमबी सहज घेतो. दोन असे टॅब उघडले की डेस्कटॉप बदलून मिळवलेलं सगळं संपलं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घाला. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:अनलोड्स’ हे पान उघडून न लागणारे टॅब स्मृतीतून उतरवता येतात, टॅब पट्टीवर तसाच राहतो. व्हिडिओ अडखळत असेल तर ‘व्हीएइन्फो’ चालवून चिप कोणते कोडेक (व्हिडिओ दाबून भरण्याच्या पद्धती) स्वतः उलगडते ते बघा. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या बहुतेक चिप व्हीपी९ पूर्णपणे हाताळत नाहीत, एच.२६४ मात्र हाताळतात. व्हिडिओला एच.२६४ मागणारं ब्राउझर-एक्स्टेन्शन लावलं किंवा ७२०पी ऐवजी ४८०पी बघितलं की प्रोसेसर मोकळा होतो.

उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (लागणारं सगळं एकाच दाबलेल्या फाइलीत असलेलं) पॅकेजच्या रूपात येतो. दाबून भरलेली ती फाइल संथ डिस्कवरून उलगडून पहिल्यांदा उघडायला बराच वेळ जातो, दुसऱ्यांदा लवकर उघडतो. फक्त पहिली सुरुवातच रेंगाळत असेल तर कारण हेच. मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी भांडारातलं डेब (उबुंटूचं नेहमीचं) पॅकेज घ्या आणि त्या भांडाराला एपीटीच्या पसंतीक्रमात वर ठेवा, नाहीतर पुढच्या अपडेटला स्नॅप परत येऊन बसेल.

बूटची तीन मिनिटं यातल्या कशानेही एका मिनिटावर येणार नाहीत. त्यासाठी २.५ इंची साटा एसएसडी हवी. जाडी ७ मिलिमीटरची घ्या, जुन्या लॅपटॉपच्या ९.५ मिलिमीटरच्या खणात ती कड लावून बसते. लॅपटॉपचा साटा जोड जुन्या ३ गिगाबिटचा असला तरी अडत नाही. विखुरलेल्या वाचनातला फायदा पूर्ण मिळतो आणि तोच हवा असतो. रॅम वाढवायची तर आधी ‘डीएमआयडीकोड -टी मेमरी’ने किती खाचा रिकाम्या आहेत आणि जात कोणती ते बघा. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मागणाऱ्या बोर्डावर १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ बसते पण चालत नाही. डेस्कटॉप, एसएसडी आणि रॅम यांतलं एकच करणं शक्य असेल तर एसएसडी घ्या.

दोन आठवडे वापरून एक्सएफसीई पसंत पडलं की गनोम काढून टाकण्याचा मोह होतो. त्याने रॅम वाचत नाही, कारण न चालणारा प्रोग्राम रॅम घेत नाही, फक्त डिस्कवरची थोडी जागा मोकळी होते. तरी काढायचंच असेल तर आधी लाइटडीएम लावून त्यातून एकदा लॉगिन होतंय याची खात्री करा. ‘एपीटी-मार्क मॅन्युअल नेटवर्क-मॅनेजर’ चालवा, म्हणजे साफसफाईत इंटरनेट जाणार नाही. मग काढण्याची कमांड प्रथम ‘-एस’ लावून चालवा. यात प्रत्यक्ष काही होत नाही, काय काय जाईल त्याची यादी मिळते, आणि ती शेवटपर्यंत वाचायची. जीडीएम आधी गेला आणि लाइटडीएम नसेल तर चालू झाल्यावर काळा पडदा येतो. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरी लॉगिन घ्या आणि तिथून लाइटडीएम इन्स्टॉल करा. एसएसडी बसवणार असाल तर हा खटाटोप करूच नका, नव्या डिस्कवर थेट झुबुंटू घाला आणि जुन्या डिस्कवरून फक्त आपल्या फाइली आणा, ‘.कॉन्फिग’ नको.